व्हीईजीएफ दोन्ही टोकांनी धरतो: एका ग्रोथ फॅक्टरची रचना आणि पकड स्वतः तपासायची कृती

डायबिटीसमुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आली म्हणून डोळ्यात इंजेक्शन घेणारी माणसं आता बडोद्यात दांडिया बाजारापासून प्रतापनगरपर्यंत घरोघर सापडतात. त्या सिरिंजमध्ये बहुतेक वेळा तिघांपैकी एक असतं: रॅनिबिझुमॅब, बेव्हासिझुमॅब किंवा ॲफ्लिबरसेप्ट. रॅनिबिझुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर (मूळ जैविक औषधाशी जवळजवळ जुळणारी नक्कल), रॅझुमॅब, २०१५ साली इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या अहमदाबादच्या इंटास कंपनीने बाजारात आणलं. तिन्ही औषधांचं काम एकच: व्हीईजीएफ-ए नावाच्या, रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या ग्रोथ फॅक्टरला गाठायचं आणि त्याला त्याच्या रिसेप्टरपर्यंत, म्हणजे पेशीवरच्या त्याला धरणाऱ्या प्रथिनापर्यंत, पोचू द्यायचं नाही. कोणतं इंजेक्शन कोणाला द्यायचं हे डोळ्यांचे डॉक्टर बघतील. आपल्याला बघायचंय ते प्रथिन कसं दिसतं, कुठे धरतं आणि किती घट्ट धरतं.

सयाजीगंजच्या सायन्स फॅकल्टीत किंवा अशाच एखाद्या कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकणारी, घरी मराठी बोलणारी मुलं हा लेख वाचतील असं धरून लिहितोय. लागेल ते एवढंच: बरा लॅपटॉप, इंटरनेट, एक स्प्रेडशीट आणि थोडी चिकाटी. सॉफ्टवेअर विकत घ्यायचं कारण नाही. प्रोटीन डेटा बँकेच्या साइटवर मोल-स्टार हा व्ह्यूअर ब्राउझरमध्येच चालतो, आणि पुढे जास्त काम करायचं असेल तर चिमेराएक्स शिक्षणासाठी फुकट मिळतं. रचनांचे कोड इथे देवनागरीत दिलेत, शोधताना ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. व्हीईजीएफची एक साखळी एकटी घेतली, तर रिसेप्टरला धरायची पूर्ण जागा तिच्यात नसते. ती जागा दोन साखळ्या मिळून बनवतात. चित्र चुकीचं वाचणं, मोलॅरिटी दुप्पट-निमपट होणं, बाइंडिंगच्या वक्रातून भलताच आकडा निघणं, या सगळ्याचं मूळ बहुधा ही गोष्ट विसरण्यात असतं.

पायरी १: आधी अनुक्रम, आणि २६ चा फरक

युनिप्रोटवर मानवी व्हीईजीएफ-ए शोधा, नोंद क्रमांक पी१५६९२. एकाच जीनमधून स्प्लायसिंगने अनेक प्रकार तयार होतात: १२१, १६५, १८९, २०६. आकडा म्हणजे तयार साखळीतल्या अमिनो आम्लांची संख्या. आपल्याला १६५ हवा, शरीरात आणि प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त भेटणारा. पेशीत बनताना तो १९१ लांबीचा असतो, आणि पहिली २६ अमिनो आम्लं, म्हणजे सिग्नल पेप्टाइड, बाहेर पडताना कापली जातात.

हे २६ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. शोधनिबंध आणि रचनांच्या फाइली तयार साखळीचे क्रमांक वापरतात, युनिप्रोट सुरुवातीपासून मोजतं. म्हणजे पेपरातलं ग्लायसीन ८८ युनिप्रोटवरच्या १९१ लांबीच्या प्रकारात ११४ ला सापडेल, फेनिलॲलॅनिन १७ हे ४३ ला. या लेखात सगळीकडे तयार साखळीचे क्रमांक आहेत.

आता अनुक्रमावर पेन्सिलने दोन खुणा करा. पहिली ११० व्या आर्जिनिननंतर. प्लाझ्मिन हे एन्झाइम बरोबर इथे कापतं, आणि मागे उरलेला १ ते ११० चा तुकडा रिसेप्टरला धरायचं काम करू शकतो. १११ ते १६५ ही ५५ अमिनो आम्लांची शेपटी हेपॅरिनला धरते. दुसरी खूण सिस्टीनवर. पहिल्या भागात आठ सिस्टीन आहेत: २६, ५१, ५७, ६०, ६१, ६८, १०२, १०४. शेपटीत आणखी आठ. हे हाताने मोजायला पाच मिनिटं लागतात, आणि त्या पाच मिनिटांत अनुक्रम जितका डोक्यात बसतो तितका स्क्रीनकडे तासभर बघून बसत नाही.

पायरी २: डायमर ओळखा

प्रोटीन डेटा बँकेत २व्हीपीएफ उघडा. ही एकट्या व्हीईजीएफची स्फटिक-रचना, १.९३ अँगस्ट्रॉमची. जमा केलेलं मूळ मॉडेल निवडलंत तर आठ साखळ्या दिसतील. घाबरू नका, व्हीईजीएफ आठजणांचा कंपू करून हिंडत नाही. स्फटिकात एका घटकात चार डायमर, म्हणजे दोन-दोन साखळ्यांच्या जोड्या, बसले, म्हणून आठ. बायॉलॉजिकल असेंब्ली निवडा म्हणजे दोन उरतील. तरीही स्क्रीनवर विश्वास टाकण्याआधी स्वतः पडताळा: ज्या दोन साखळ्यांमध्ये एकीचं सिस्टीन ५१ दुसरीच्या सिस्टीन ६० ला डायसल्फाइडने जोडलेलं आहे, तीच तुमची जोडी. असे दोन बंध दिसतील, रेणू अर्धा फिरवला की एकमेकांच्या जागी येणारे. गंधकाच्या दोन अणूंमधलं अंतर मोजा, ते २ अँगस्ट्रॉमच्या किंचित वर यायला हवं.

दोन्ही साखळ्यांना वेगवेगळे रंग द्या आणि रेणू सावकाश फिरवा. एकाच खाटेवर एक भाऊ इकडे डोकं करून आणि दुसरा तिकडे डोकं करून झोपलाय, अशी ही मांडणी आहे. खाटेच्या प्रत्येक टोकाला एकाचं डोकं आणि दुसऱ्याचे पाय. व्हीईजीएफमध्ये 'डोकं' म्हणजे सुरुवातीचं छोटं हेलिक्स, साधारण १६ ते २४. दुसऱ्या साखळीची ७९ ते ९१ च्या आसपासची पट्टी त्याच्या जवळ येते. रिसेप्टर धरतो ते हे टोक. आता एक साखळी लपवून पाहा. उरलेल्या साखळीचं टोक अर्धं, उघडं पडलेलं दिसेल.

सुरुवातीची काही अमिनो आम्लं चित्रात दिसणार नाहीत. स्फटिकासाठी ८ ते १०९ एवढाच तुकडा वापरला होता आणि त्यातलीही टोकं हलती असतात. हेपॅरिनची शेपटी तर या फाइलीत नाहीच. तिच्याकडे पुढे येऊ.

पायरी ३: गाठ

या प्रथिनाचा कणखरपणा कुठून येतो ते इथे कळतं, म्हणून इथे घाई करू नका.

एकाच साखळीतले तीन डायसल्फाइड बंध शोधा: २६ ते ६८, ५७ ते १०२, ६१ ते १०४. शेवटचे दोन बंध आणि त्यांच्यामधली साखळी मिळून एक बंद कडं होतं. त्यात किती अमिनो आम्लं येतात ते मोजा: ५७, ५८, ५९, ६०, ६१ ही पाच, आणि १०२, १०३, १०४ ही तीन. एकूण आठ. आता २६–६८ चा बंध बघा, तो या आठांच्या कड्यातून आरपार गेलेला आहे. याला सिस्टीन नॉट म्हणतात. पीडीजीएफ, नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, टीजीएफ-बीटा या बाकी बाबतींत वेगवेगळ्या प्रथिनांमध्येही हीच गाठ आहे.

कडं एवढं लहान की त्यातून एक बंध जायचा म्हणजे आत मोठी साइड चेन परवडतच नाही. ५९ व्या जागेवर ग्लायसीन आहे ते उगीच नाही. अशा गाठीच्या प्रथिनांचे अनुक्रम शेजारी शेजारी मांडले की 'सिस्टीन, काहीही, ग्लायसीन, काहीही, सिस्टीन' हा नमुना पुन्हा पुन्हा भेटतो. व्हीईजीएफमध्ये दुसरं 'काहीही' म्हणजे सिस्टीन ६०, तेच जे शेजारच्या साखळीला धरतं. पाच अमिनो आम्लांच्या एवढ्याशा पट्टीत गाठही आणि जोडणीही.

आणखी एक निरीक्षण स्वतः करा. नेहमीच्या गोलाकार प्रथिनात असतो तसा पाणी टाळणाऱ्या अमिनो आम्लांचा भरगच्च गाभा इथे शोधा. साखळी चपटी आणि लांबट आहे, गाभा तुटपुंजा आहे. आकार टिकवायचं ओझं गाठीवर आणि डायमरच्या जोडावर पडलंय. म्हणूनच बफरमध्ये डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल ही डायसल्फाइड तोडणारी रसायनं टाकून व्हीईजीएफच्या बाइंडिंगचा प्रयोग करायचा विचारही करू नका.

पायरी ४: रिसेप्टर बसवा

आता १एफएलटी उघडा. १.७ अँगस्ट्रॉम, इतकी स्वच्छ रचना की पाण्याचे रेणूही नीट दिसतात. व्ही आणि डब्ल्यू या साखळ्या व्हीईजीएफच्या. एक्स आणि वाय हे रिसेप्टर-१ चे, म्हणजे फ्लट-१ चे, दुसरे डोमेन. पेशीबाहेर रिसेप्टरची इम्युनोग्लोब्युलिनसारखी सात डोमेन असतात, त्यातलं फक्त दुसरं इथे आहे. रिसेप्टर-१ ला धरण्यात मुख्य वाटा त्याचाच.

एक्स साखळी निवडा आणि तिच्यापासून ४ अँगस्ट्रॉमच्या आत येणारी व्हीईजीएफची अमिनो आम्लं दाखवा. स्प्रेडशीटमध्ये तीन रकाने करा: साखळी, क्रमांक, अमिनो आम्ल. यादी लिहीत गेलात की व्ही आणि डब्ल्यू अशी दोन्ही अक्षरं पहिल्या रकान्यात येतील. एका साखळीचं सुरुवातीचं हेलिक्स आणि साठीच्या आसपासचा लूप, दुसऱ्या साखळीची ४६ जवळची आणि ७९ ते ९१ ची पट्टी. वायसाठीही यादी करा. अमिनो आम्लं जवळपास तीच, फक्त साखळ्यांची अदलाबदल झालेली. यादी एकाच साखळीची निघाली तर असेंब्ली चुकीची निवडलीय, मागच्या पायरीवर परत जा.

स्पर्श करणारं प्रत्येक अमिनो आम्ल सारखं महत्त्वाचं नसतं. एकेक अमिनो आम्ल बदलून त्या जागी ॲलॅनिन घालून मोजलं तेव्हा रिसेप्टर-२ च्या पकडीत आयसोल्युसीन ४६, आयसोल्युसीन ८३, फेनिलॲलॅनिन १७ अशा मोजक्यांनीच मोठा भार उचललेला दिसला. बाकीचे नुसते शेजारी. चित्रावरून पकडीचा भार सांगता येत नाही, तो मोजावाच लागतो. सेमिनारमध्ये रंगीत स्लाइड दाखवून 'हा हायड्रोजन बंध फार महत्त्वाचा' असं ठोकून देणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो: काढून बघितला होता का?

टोकं दोन, म्हणून रिसेप्टरही दोन. पेशीच्या पृष्ठभागावर एक डायमर दोन रिसेप्टरांना जवळ आणतो, आतले त्यांचे कायनेज भाग एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि सिग्नल सुरू होतो. एकच टोक चालू ठेवून दुसरं बिघडवलेला डायमर मुद्दाम बनवून पाहिलेला आहे. तो रिसेप्टरला धरतो, पण जोडी जमवू शकत नाही, आणि खऱ्या व्हीईजीएफची वाट अडवतो.

रिसेप्टर-१ ची पकड रिसेप्टर-२ पेक्षा साधारण दहापट घट्ट असते, तरी रक्तवाहिन्या वाढवायचा मुख्य निरोप रिसेप्टर-२ मधून जातो. रिसेप्टर-१ चं कायनेज दुबळं आहे, तो बराचसा व्हीईजीएफ अडकवून ठेवण्याचंच काम करतो. घट्ट पकड आणि मोठा परिणाम यांची गल्लत करू नये, हे इथे स्वच्छ दिसतं. रिसेप्टर-२ ची रचना बघायची असेल तर ३व्ही२ए आहे, दुसरं आणि तिसरं डोमेन एकत्र. पण ती ३.२ अँगस्ट्रॉमची, साइड चेनच्या बारीकसारीक गोष्टींवर फार भरवसा ठेवू नका.

पायरी ५: अँटिबॉडी, आणि एक ग्लायसीन

१बीजे१ मध्ये व्हीईजीएफबरोबर बेव्हासिझुमॅबचा फॅब तुकडा, म्हणजे अँटिबॉडीचा धरणारा एक हात, आहे. १सीझेड८ मध्ये त्याचीच पकड वाढवलेली आवृत्ती, ज्यातून रॅनिबिझुमॅब आलं. दोन्हींत व्हीईजीएफच्या साखळ्या व्ही आणि डब्ल्यू.

१एफएलटी आणि १बीजे१ एकाच दृश्यात आणा आणि फक्त व्हीईजीएफच्या साखळ्या एकमेकांवर बसवा. संपूर्ण फाइल बसवायला गेलात तर सॉफ्टवेअर फॅब आणि रिसेप्टर यांचा मेळ घालायला जाईल आणि चित्र वाकडं होईल. व्हीईजीएफ व्हीईजीएफवर नीट बसला की मग रिसेप्टर आणि फॅब दोन्ही दाखवा. ते एकाच जागेसाठी भांडताना दिसतील. फॅबला व्हीईजीएफचा आकार बदलावा लागत नाही. तो नुसता जागा अडवतो.

आता ८८ वर जा. माणसात इथे ग्लायसीन आहे, फॅब त्याला अगदी चिकटून बसतो. उंदराच्या व्हीईजीएफमध्ये या जागेवर सेरीन असतं. (उंदराचा मुख्य प्रकार १६४ लांबीचा, एक अमिनो आम्ल कमी, त्यामुळे तिथे क्रमांकही एकाने सरकतो.) चिमेराएक्समध्ये ८८ ला सेरीन बसवून बघा. त्या छोट्याशा साइड चेनला जायला जागा सापडत नाही. परिणाम असा की उंदरात वाढवलेल्या मानवी ट्यूमरवर बेव्हासिझुमॅब वापरलं, तर ते ट्यूमरच्या पेशींनी सोडलेला मानवी व्हीईजीएफ पकडतं, उंदराचा स्वतःचा जवळजवळ सोडून देतं. असा पेपर वाचताना हे डोक्यात नसेल तर निष्कर्ष सरळ चुकीचा काढला जातो. रिसेप्टरला मात्र ८८ च्या या बदलाने फारसा फरक पडत नाही, म्हणून उंदराचा व्हीईजीएफ उंदरात सुखाने काम करतो.

पायरी ६: न दिसणारी शेपटी

१११ ते १६५ ची रचना वेगळी सोडवलीय, एनएमआरने. कोड २व्हीजीएच. धन प्रभाराची अमिनो आम्लं भरपूर, चार डायसल्फाइड. ही शेपटी पेशीबाहेरच्या हेपॅरन सल्फेटला धरून व्हीईजीएफला एका जागी रोखते. शेवटचं आर्जिनिन १६५ न्यूरोपिलिन-१ या पेशीवरच्या आणखी एका रिसेप्टरच्या खोबणीत बसतं. १२१ या प्रकारात हेपॅरिन धरणारी शेपटी नाही, तो मोकळा वाहतो.

प्रयोगाच्या दृष्टीने एवढं ध्यानात ठेवा: एसपीआरच्या (चिपवर बसवलेल्या रेणूला दुसरा धरताना-सुटताना मोजणाऱ्या यंत्राच्या) डेक्स्ट्रान चिपवर ऋण प्रभार असतो आणि १६५ ची शेपटी त्याला उगीचच चिकटते. मीठ वाढवा, किंवा १२१ नाहीतर ११० घेऊन कंट्रोल करा. फक्त टोकाची पकड मोजायची असेल तर शेपटी नसलेला प्रकार घेणं मला जास्त पटतं.

पायरी ७: वायलमध्ये नक्की किती?

ई. कोलायमध्ये बनवलेल्या व्हीईजीएफ१६५ ला साखर नसते. सस्तन पेशींत बनवलेल्यात ७५ व्या ॲस्परॅजिनवर असते. साखर नसतानाही तो रिसेप्टरला धरतो. साखरेविना डायमर साधारण ३८ किलोडाल्टन, एक साखळी १९. १० मायक्रोग्रॅमची वायल १ मिलिलिटरमध्ये विरघळवली तर डायमर सुमारे २६० नॅनोमोलर, आणि धरायच्या जागा ५२० नॅनोमोलर. तुमच्या वहीत 'व्हीईजीएफ १ नॅनोमोलर' लिहिलंय ते डायमरचं की जागांचं? पानाच्या मथळ्यातच लिहून टाका. गटातला दुसरा मुलगा दुसऱ्या हिशेबाने चालला तर महिन्याचं काम दोनाच्या पटीत घसरतं.

माल आला की आधी जेल चालवा, एकदा रिड्यूसिंग आणि एकदा नॉन-रिड्यूसिंग. पहिल्यात १९ जवळ पट्टा, दुसऱ्यात ३८ जवळ. नॉन-रिड्यूसिंगमध्येही १९ ला ठळक पट्टा दिसला तर तो माल बाइंडिंगसाठी वापरू नका, अर्ध्या टोकांचे रेणू वक्र बिघडवतात. इथल्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना कुरिअरचं खोकं दुपारभर सिक्युरिटीच्या टेबलावर पडून राहणं काही अशक्य नाही, तेव्हा ही तपासणी टाळू नये. विरघळवताना ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घाला, छोट्या भागांत वाटून गोठवा, पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं नको. पिकोमोलर द्रावणातलं प्रथिन प्लास्टिकच्या भिंतीला चिकटून नाहीसं होतं, ते बीएसएमुळे थोपतं. एसपीआरच्या चिपवर व्हीईजीएफच बसवणार असाल तर मात्र बीएसए नसलेला माल मागवा, नाहीतर चिपवर बीएसएच बसेल.

पायरी ८: पकडीचा आकडा

केडी म्हणजे ज्या सांद्रतेला निम्म्या जागा भरतात ती. मुक्त औषध केडीइतकं असेल तर ५० टक्के, दहापट असेल तर ९१, शंभरपट असेल तर ९९. हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. अडचण 'मुक्त' या शब्दाची.

समजा केडी ०.०५ नॅनोमोलर आहे आणि तुम्ही नळीत १ नॅनोमोलर व्हीईजीएफच्या जागा ठेवल्यात. आता औषध वाढवत जा. सुरुवातीचं जवळपास सगळं औषध व्हीईजीएफच गिळतो, मुक्त काही उरतच नाही. निम्म्या जागा भरायला ०.५ नॅनोमोलर औषध तर बांधलेलंच लागेल, वर ०.०५ मुक्त हवं. म्हणजे वक्राचा मध्य ०.५५ ला येईल आणि तो केडी समजलात तर अकरापट चुकाल. अशा वेळी वर्गसमीकरण वापरा. एकूण औषध 'अ', एकूण जागा 'व', केडी 'क' धरली तर

बांधलेलं = [(अ + व + क) − √((अ + व + क)² − ४ × अ × व)] ÷ २

०.५५, १ आणि ०.०५ घालून बघा, उत्तर बरोबर ०.५ येतं. स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र एकदा बसवलं की 'व' बदलून वक्र कसा सरकतो ते खेळून बघा. 'व' केडीच्या बराच खाली नेलात की साधं सूत्र आणि हे सूत्र एकच उत्तर देतील. प्रयोग शक्यतो तिथेच करावा.

दुसरा सापळा वेळेचा. केडी म्हणजे सुटायचा वेग भागिले धरायचा वेग. धरायचा वेग १०⁵ प्रति मोलर प्रति सेकंद आणि केडी १०० पिकोमोलर घ्या: सुटायचा वेग १०⁻⁵ प्रति सेकंद, म्हणजे निम्मे रेणू सुटायला सुमारे १९ तास. एसपीआरवर दहा मिनिटं बफर वाहवला तर सिग्नल फक्त ०.६ टक्के खाली येतो. मशीनच्या डुलक्या त्याहून मोठ्या असू शकतात. निदान ५ टक्के घट दिसेपर्यंत थांबायचं तर जवळपास ८५ मिनिटं. सॉफ्टवेअर दहा मिनिटांच्या डेटावरही आकडा काढून देईल, तीन दशांशांसकट. तो घेऊ नका. एलायझातही समतोल यायला तितकाच धीर लागतो, कधी कधी रात्रभर.

तिसरा सापळा पुन्हा दोन टोकांचा. चिपवर फॅब दाटीने बसवून वरून व्हीईजीएफ सोडलात तर एक डायमर दोन फॅबना एकदम धरेल, एक टोक सुटलं तरी दुसरं धरून ठेवेल, आणि पकड आहे त्याहून घट्ट दिसेल. उलट करा: व्हीईजीएफ विरळ बसवा, वरून एकहाती फॅब सोडा. छापलेल्या आकड्यांत फरक पडतात ते बहुतांशी अशाच मांडणीमुळे. बेव्हासिझुमॅबसाठी ५८ पिकोमोलरपासून नॅनोमोलरच्या आसपासपर्यंतचे आकडे सापडतात. तुलना करायची तर एकाच मांडणीत मोजलेल्या आकड्यांची करा. २०१२ च्या एका अभ्यासात तिन्ही एकत्र मोजली होती, व्हीईजीएफ१६५ साठी: रॅनिबिझुमॅब ४६ पिकोमोलर, बेव्हासिझुमॅब ५८, ॲफ्लिबरसेप्ट ०.४९. ॲफ्लिबरसेप्टमध्ये रिसेप्टर-१ चं दुसरं डोमेन आणि रिसेप्टर-२ चं तिसरं डोमेन जोडून असे दोन हात केलेत, आणि एक रेणू एकाच डायमरची दोन्ही टोकं पकडतो. शंभरपट फरकात याचा मोठा हात आहे. हवं तर ऊर्जेत मोजा: २५ अंशांना केडीतला दहापट फरक म्हणजे १.३६ किलोकॅलरी प्रति मोल. रॅनिबिझुमॅबची पकड सुमारे उणे १४ किलोकॅलरी.

पायरी ९: आकडा डोळ्यात नेऊन बघा

रॅनिबिझुमॅबचा डोस ०.५ मिलिग्रॅम, वजन ४८ किलोडाल्टन. म्हणजे सुमारे १० नॅनोमोल. डोळ्यातल्या काचद्रवाचं आकारमान ४ मिलिलिटर धरा: सुरुवातीची सांद्रता २.६ मायक्रोमोलर. काचद्रवातून निम्मं औषध जायला साधारण ९ दिवस लागतात. ३० दिवसांनी उरेल सुमारे २६० नॅनोमोलर, केडीच्या पाच हजार पटींहून जास्त. केडीइतकं खाली यायला जवळजवळ १६ अर्धायुष्यं, म्हणजे पावणेपाच महिने.

कागद पावणेपाच महिने म्हणतो आणि दवाखाना पेशंटला महिन्या-दोन महिन्यांत परत बोलावतो. गणित चुकलेलं नाही, गृहीतकं भाबडी आहेत. डोळा म्हणजे ४ मिलिलिटरची एक ढवळलेली नळी नव्हे. व्हीईजीएफ पडद्याच्या आत आणि मागे तयार होतो, सतत तयार होतो, आणि तिथे पोचलेलं औषध काचद्रवातल्यापेक्षा कमी असतं. शिवाय सूज उतरणं ही फक्त व्हीईजीएफ भरला की नाही यावर ठरणारी गोष्ट नाही. केडीवरून औषध किती दिवस चालेल हे सांगणाऱ्या जाहिरातीकडे याच नजरेने बघा.

हाच क्रम आता स्वतः दुसऱ्या प्रथिनावर चालवा. पीएलजीएफ हा व्हीईजीएफचा जवळचा नातेवाईक, तीच गाठ, तोच उलटसुलट डायमर, पण तो फक्त रिसेप्टर-१ ला धरतो. त्याची रिसेप्टरबरोबरची रचना १आरव्ही६ मध्ये आहे. ती १एफएलटी वर बसवा, स्पर्शांच्या दोन याद्या शेजारी मांडा आणि ७९ ते ९१ च्या पट्टीत काय बदललंय ते बघा. बेव्हासिझुमॅब आणि रॅनिबिझुमॅब पीएलजीएफला धरत नाहीत, ॲफ्लिबरसेप्ट धरतं. याचं कारण त्या दोन याद्यांतच सापडेल: अँटिबॉडी व्हीईजीएफच्या अंगावरचे बारीक तपशील ओळखते, आणि ॲफ्लिबरसेप्टच्या हातात रिसेप्टर-१ चं तेच दुसरं डोमेन आहे, जे तुम्ही १एफएलटी मध्ये एक्स म्हणून निवडलं होतं.